संमीलन-वृक्षाच्या शाखांची लांबी आणि नवगावची सात जोडपी

नवी मुंबईतील जुईनगरच्या रेल्वे स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या स्त्रियांपैकी कोणत्याही दहा स्त्रिया यदृच्छया निवडल्या, आणि प्रत्येकीची आई, त्या आईची आई, तिची आई याप्रमाणे केवळ मातेकडून मागे जाणारी एकेक रेषा काढीत गेले, तर त्या दहा रेषांचे पुढे काय होईल? रेषांची संख्या वाढणे शक्य नाही, कारण प्रत्येक व्यक्तीस आई एकच असते. ती घटणे मात्र शक्य आहे. दोघी सख्ख्या बहिणी असतील तर त्यांच्या रेषा पहिल्याच पायरीवर एक होतील. मावसबहिणी असतील तर दुसऱ्या पायरीवर. असे मागे मागे जाता दहाच्या नऊ, नवाच्या आठ होत होत शेवटी एकच रेषा उरेल, आणि ज्या स्त्रीपाशी हे घडेल ती त्या दहाही जणींची निकटतम समाईक माता होय. ही आकृती उलटी धरून पाहिली म्हणजे तिला झाडाचे रूप येते. आजच्या दहा स्त्रिया ही तिची पर्णे, समाईक माता हे मूळ आणि मधल्या रेषा या शाखा. रेषांच्या एक होण्यास ‘संमीलन’ व या आकृतीस ‘संमीलन-वृक्ष’ अशी नावे प्रस्तुत लेखात योजिली आहेत.

जुईनगरच्या या वृक्षाविषयी एक गोष्ट गणित न करताही सांगता येते. त्याचे मूळ जुईनगरात नाही. सिडको या संस्थेची स्थापना १९७० सालची; तिने वसविलेल्या वस्त्यांत कोकणातून, घाटावरून, विदर्भातून, केरळातून व उत्तर हिंदुस्थानातून लोक आले. खाडीकाठच्या जुन्या गावठाणांतील आगरी व कोळी कुटुंबे सोडल्यास बहुतेक रेषा एक-दोन पिढ्यांतच गावाची हद्द ओलांडून चहूकडे पांगतात. भारतीयांच्या मातृरेषा ‘एम’ व ‘एन’ या दोन महाशाखांत विभागलेल्या आहेत आणि त्या दोहोंचा मेळ साठ ते सत्तर हजार वर्षांपूर्वी पडतो. यदृच्छया घेतलेल्या दहा जणींत दोन्ही महाशाखांच्या स्त्रिया असण्याचाच संभव फार. तसे असल्यास अर्धशतकाच्या वस्तीतून उचललेल्या नमुन्याचा वृक्ष साठ हजार वर्षांहून खोल निघेल. वृक्षाची उंची आणि जेथून नमुना घेतला त्या वस्तीचे वय या भिन्न राशी आहेत. ही गोष्ट जुईनगरच्या बाबतीत कोणासही पटेल, परंतु एखाद्या जुन्या व बांधेसूद समाजाचा प्रश्न आला की तिचा विसर पडतो.

असा एक समाज जुईनगरपासून दूर नाही. येथून दक्षिणेस पनवेल, पेण, अलिबाग या टापूत बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाची जुनी वस्ती होती. त्यांची परंपरा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, बहुतेक सर्व बुडाले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्यास लागलेली प्रेते नवगावास पुरली, अशी आठवण सांगतात व ती जागा आजही दाखविली जाते. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर अशी त्यांची आडनावे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावची आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पूर्ण केलेला व १९३७ साली प्रसिद्ध झालेला या समाजाचा इतिहास हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात घालतो.

मातृरेषेचा प्रश्न या समाजाला केवळ कुतूहलाचा नव्हता. यहुदी धर्मशास्त्रात वंश मातेकडून गणला जातो. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएल देशात जाऊन राहिले, आणि १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की, या समाजातील व्यक्तीचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृपरंपरेची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. समाजाने त्याविरुद्ध मोठी चळवळ केली. १९६४ साली तेथील सरकारने व संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे जाहीर केले, तेव्हा तो वाद शमला. विवाहाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीस पणजीच्या पणजीचे नाव विचारण्याची पाळी गणिताने आणली नव्हती. तथापि त्याच रेषा आज प्रयोगशाळेत वाचता येतात, आणि त्यांच्या शाखांच्या लांबीवरून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह तेव्हापेक्षा कमी नाही. म्हणून शाखांची लांबी काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही हे नीट पाहिले पाहिजे.

या विषयाची पायाभूत मांडणी १९८२ साली इंग्लंडमधील गणिती किंगमन यांनी केली. पुढच्याच वर्षी हडसन व ताजिमा यांनी स्वतंत्रपणे त्याच दिशेने विचार मांडले. कल्पना साधी आहे. प्रत्येक पिढीत मातांची संख्या ‘म’ असून ती बदलत नाही असे धरावे, आणि प्रत्येक मुलीची आई ही आधीच्या पिढीतील म मातांपैकी यदृच्छया निवडलेली कोणीतरी आहे असे मानावे. मग कोणत्याही दोन रेषा एका पायरीवर एक होण्याची संभाव्यता १/म इतकी येते, आणि त्या एक होईपर्यंत सरासरीने म पिढ्या वाट पाहावी लागते. म पिढ्यांचा हा काळ एक एकक मानणे सोयीचे आहे. रेषा दोनच्या ऐवजी ‘क’ असतील तर त्यांच्या जोड्या क(क−१)/२ होतात; त्यांपैकी कोणतीही जोडी आधी जुळू शकते, म्हणून पहिल्या संमीलनाची सरासरी प्रतीक्षा तितक्याच पटीने कमी, म्हणजे २/क(क−१) एकक, होते.

दहा पर्णांचा वृक्ष घेऊन हा हिशेब करावा. दहा रेषांच्या नऊ होण्यास सरासरी १/४५ एकक लागते, नवाच्या आठ होण्यास १/३६, पुढे क्रमाने १/२८, १/२१, १/१५, १/१०, १/६ व १/३. आणि शेवटच्या दोन रेषा एक होण्यास पूर्ण १ एकक. या सर्वांची बेरीज १.८ एकक, ही वृक्षाची सरासरी उंची. नऊ संमीलनांपैकी पहिली आठ मिळून ०.८ एककात उरकतात आणि शेवटचे एकटेच त्याहून अधिक वेळ घेते. पाहुणे उठू लागले म्हणजे दिवाणखाना भराभर रिकामा होतो, आणि शेवटचे दोघे मात्र उंबऱ्यावर तासभर बोलत उभे राहतात, तसाच हा प्रकार आहे. नमुना दहाचा शंभर केला तरी सरासरी उंची १.८ वरून १.९८ वर जाते. दोनच्या पलीकडे ती कधीच जात नाही. नव्वद स्त्रिया अधिक तपासून हाती येतात त्या वृक्षाच्या टोकाशी असलेल्या आखूड फांद्या.

सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्याभोवतीची चंचलता. शेवटच्या दोन रेषांची प्रतीक्षा घातांकी वितरण पाळते, आणि या वितरणात प्रमाण विचलन सरासरीइतकेच असते. समजा, म = १,००० आणि एक पिढी २५ वर्षांची. मग एक एकक म्हणजे २५,००० वर्षे. शेवटच्या दोन रेषा २,५०० वर्षांच्या आतच एक झाल्या, असे घडण्याची संभाव्यता साडेनऊ टक्के आहे. त्यांना ७५,००० वर्षांहून अधिक काळ लागला, असे घडण्याची पाच टक्के. लोकसंख्या तीच, नियम तेच, आणि उंची मात्र एका वृक्षात दुसऱ्याच्या तीसपट असू शकते. एकाच वृक्षाची उंची मोजून त्यावरून समाजाचा इतिहास सांगणे म्हणजे फाशाचे एक दान पाहून फाशाची परीक्षा करणे होय.

आता बाह्य शाखांकडे वळावे. पर्णापासून पहिल्या संमीलनापर्यंत जाणारी शाखा ती बाह्य शाखा. म्हणजे एखाद्या स्त्रीची रेषा नमुन्यातील दुसऱ्या कोणाच्याही रेषेस मिळण्यापूर्वी किती काळ एकटी चालते त्याचे माप. ‘न’ पर्णांच्या वृक्षात एका बाह्य शाखेची सरासरी लांबी किती? पहिला टप्पा सर्वांनाच चालावा लागतो; त्याची सरासरी २/न(न−१). त्या टप्प्याच्या शेवटी जुळणाऱ्या दोन रेषांत आपली निवडलेली रेषा नसण्याची संभाव्यता (न−२)/न. ती नसेल तर तिच्यापुढे न−१ पर्णांच्या वृक्षातील बाह्य शाखेइतका प्रवास उरतो. उत्तर २/न आहे असे धरून ताळा पाहावा: २/न(न−१) मध्ये (न−२)/न गुणिले २/(न−१) मिळविले की बेरीज बरोबर २/न येते, आणि न = २ असताना ती १ होते हेही जुळते. तेव्हा दहा पर्णांच्या वृक्षात प्रत्येक बाह्य शाखा सरासरीने ०.२ एकक, शंभर पर्णांच्या वृक्षात ०.०२ एकक, आणि सर्व बाह्य शाखांची मिळून सरासरी लांबी, पर्णे कितीही असोत, नेहमी २ एकक! मोठा नमुना घेतला म्हणजे ही बेरीज दोनच्या अधिकाधिक जवळ स्थिरावते. तिचे दोनपासूनचे विचलन शेवटी सामान्य वितरण कसे पाळते हे यान्सन व केर्स्टिंग यांनी २०११ साली दाखवून दिले. संपूर्ण वृक्षाच्या शाखांची एकूण लांबी मात्र पर्णांबरोबर हळूहळू वाढत राहते: दहा पर्णांस सुमारे ५.६६ एकक, शंभरांस १०.३५. यास्तव एकूण लांबीत बाह्य शाखांचा वाटा दहाच्या नमुन्यात सुमारे ३५ टक्के व शंभराच्या नमुन्यात १९ टक्के असावयास हवा. हे प्रमाण पुढे उपयोगी पडणार आहे.

बाह्य शाखांची एकूण बेरीज अशी शिस्तीची असली तरी एकेका शाखेचे वर्तन तसे नाही. दहा जणींपैकी एखाद्या विशिष्ट स्त्रीची रेषा अगदी शेवटच्या संमीलनापर्यंत एकटीच राहील, याची संभाव्यता ८/१० × ७/९ × ६/८ … १/३ अशा गुणाकाराने १/४५ येते. दहांपैकी कोणीतरी एक तशी असेल याची संभाव्यता त्याच्या दसपट, म्हणजे २/९. दर नऊ वृक्षांपैकी दोहोंत मुळाशी फाटा फुटताना एका बाजूस नऊ पर्णे व दुसऱ्या बाजूस एकच पर्ण असते. पाच-पाच अशी समसमान वाटणी तर याहून विरळ, नवांत एकदाच. ज्यास यादृच्छिक वृक्षांचा सराव नाही तो नऊ जणींपासून फटकून निघालेली ही एकाकी लांब शाखा पाहून ‘ही बाहेरून आलेली’ असे चटकन म्हणेल. वास्तविक येथे बाहेरचे कोणीच नाही. गृहीतकाप्रमाणे सर्व जणी एकाच समाजाच्या, एकाच नियमाने जन्मलेल्या आहेत. एकीच्या वाट्यास लांब शाखा आली इतकेच. एकट्या लांब शाखेवरून परकेपणाचा आरोप सिद्ध होत नाही, आणि धर्मपीठाच्या चौकशीत असो की वधूवरांच्या बैठकीत असो, तो पुरावा म्हणून पुढे आल्यास नवांत दोन हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा.

या शाखा प्रत्यक्ष कोणी पाहिलेल्या नसतात. त्यांवर साठलेली उत्परिवर्तने मोजून त्यांची लांबी अजमावावी लागते. पेशीतील तंतुकणिकांचे, म्हणजे मायटोकाँड्रियांचे, जनुकद्रव्य केवळ मातेकडून येते. त्यात १६,५६९ अक्षरे आहेत, आणि त्या सबंध मजकुरात एका रेषेवर सरासरीने सुमारे ३,६०० वर्षांत एक बदल होतो. हस्तलिखितांच्या नकला करताना लेखनिकांचे प्रमाद जसे पोथीगणिक पुढे चालत जातात तसेच हे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. सुकथनकरांनी समाईक पाठांवरून पोथ्यांची कुळे लावली, त्या पद्धतीशी याचे नाते जवळचे आहे. अडचण अशी की, हा लेखनिक फार सावध आहे. दोन हजार वर्षांत एका रेषेवर सरासरीने ०.५५ बदल पडतात. म्हणजे शंभरांतील सुमारे ५८ रेषांवर त्या सबंध काळात एकही खूण उमटत नाही. नवगावपासूनचा काळ या घड्याळाच्या एका टोल्याहूनही कमी आहे.

आता परंपरा अक्षरशः खरी मानून चालावे. सात माता, आणि तेव्हापासून २७ वर्षांची एक याप्रमाणे सुमारे ७५ पिढ्या. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती आणि त्यापूर्वीच्या शतकात ती काही सहस्रांचीच होती. सात मातांपासून तितक्या स्त्रिया होण्यास दर मातेमागे सरासरी १.०८ मुली, म्हणजे पुढे स्वतः माता होणाऱ्या मुली, पुरेशा आहेत, १.०८ चा ७५ वा घात सुमारे ३२१, आणि त्याची सातपट २,२०० च्या वर जाते. प्रत्यक्षातील वाढ अशी एकसारखी झाली असेल असे कोणी म्हणणार नाही, परंतु प्रमाणाचा अंदाज घेण्यास हा आकडा चालेल.

प्रश्न असा: सातांपैकी किती मातांची मातृरेषा आजवर टिकेल? वरवर पाहता वाटते की, समाज वाढतो आहे, तेव्हा सातही टिकल्या असतील. हिशेब निराळे सांगतो. मुलींची संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे धरल्यास सरासरी १.०८ असूनही शंभरांतील सुमारे ३४ मातांना एकही मुलगी नसते. त्यांची रेषा तेथेच संपते. उरलेल्यांच्या मुली, नाती यांच्यापुढे दर पिढीस तोच धोका उभा असतो. रेषा कायम टिकण्याची संभाव्यता ‘ट’ मानली, तर ती ट = १ − ई⁻¹·⁰⁸ᵗ या प्रकारच्या समीकरणाने ठरते, ज्यात घातातील चल स्वतः टच आहे; त्याचे उत्तर सुमारे ०.१४५. सात मातांस याने गुणिले असता १.०२ येतात. समाज नामशेष झाला नाही ही माहिती हिशेबात धरली, म्हणजे किमान एक रेषा टिकलीच असे मानले, तरी सरासरी दीडच्या आसपासच राहते. सात जोडप्यांची कथा जशीच्या तशी खरी असती तरी आज त्या सातांपैकी एक किंवा दोन मातांच्याच रेषा सापडाव्यात, आणि सातही सापडल्या तर ते आश्चर्य ठरावे. ‘सात माता सापडत नाहीत म्हणून कथा खोटी’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. कथेच्या समर्थकांनीही यावर फार हर्ष मानू नये, कारण तीन मातांपासून आरंभ झाला असता तरी आज जवळजवळ हेच चित्र दिसले असते.

वाढत्या समाजाचा वृक्ष आकारानेही स्थिर समाजाच्या वृक्षाहून भिन्न असतो. अलीकडच्या पिढ्यांत माता पुष्कळ असल्याने दोन रेषा जुळण्याचे प्रसंग थोडे. आरंभाजवळ माता मोजक्या असल्याने तेथे संमीलनांची एकच गर्दी. पर्णापासून निघालेल्या शाखा बहुतांशी आरंभापर्यंत स्वतंत्र चालत येतात आणि तेथे एकदम जुळतात. वृक्षास खराट्याचे रूप येते. बाह्य शाखांचा जो वाटा स्थिर समाजात ३५ टक्के, तो येथे शंभराकडे झुकतो. उलट दिशेने पाहिल्यास, ज्या बदलांची खूण नमुन्यातील एकाच व्यक्तीवर आहे त्यांचे प्रमाण अपेक्षेहून किती अधिक आहे, यावरून समाज स्थिर होता की वाढत होता हे पारखता येते. फू व ली यांनी १९९३ साली दिलेली कसोटी याच तत्त्वावर उभी आहे. टिकलेल्या माता दोन असतील तर खराटे दोन होतील आणि त्यांचे दांडे मागे मूळ समाजाच्या खोल वृक्षात हजारो वर्षे जाऊन मिळतील. बाहेरून लग्न होऊन आलेल्या एखाद्या स्त्रीची संतती वाढली तर तिचा आणखी एक खराटा.

येथे एक विशेष ध्यानात घ्यावा. स्थिर समाजात नमुना वाढवून उंचीची चंचलता कमी होत नाही हे वर पाहिले. खराट्याच्या बाबतीत ती होते, कारण त्याच्या काड्या जवळजवळ स्वतंत्र असतात. दहा काड्या, प्रत्येकी दोन हजार वर्षांच्या. त्यांवर मिळून सरासरी साडेपाच बदल, आणि त्यातील प्रमाण विचलन सुमारे २.३५. त्यावरून काढलेले वय दोन हजार वर्षे असेल तर त्याची चूक साडेआठशे वर्षांच्या घरात जाते. हजार वर्षे की दोन हजार, हेदेखील धड ठरत नाही. शंभर काड्या तपासल्या तर चूक पावणेतीनशे वर्षांवर येते. अर्थात, बदलांच्या वेगाचा आकडाच अनिश्चित असल्याने होणारी चूक याहून निराळी, आणि ती नमुना वाढवून जात नाही.

प्रत्यक्ष संशोधनात काय आढळले? २००८ साली बेहार व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या यहुदी समाजांच्या मातृरेषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बेने इस्राएलांच्या मातृरेषा बहुतांशी भारतीय उपखंडातील कुळांच्या निघाल्या, आणि समाजाचा मोठा हिस्सा थोड्याच मातांपासून आलेला दिसला. २०१६ साली वाल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व गुणसूत्रांचा विचार केला, तेव्हा भारतीय वारशाबरोबरच मध्यपूर्वेतील यहुदी वारशाचाही ठळक अंश या समाजात असल्याचे सिद्ध झाले. पहिल्या निष्कर्षावरून काही जणांनी दुसरा नाकारावा अशी घाई केली असती, तर ती चूक ठरली असती. कारण उघड आहे. दहा पिढ्या मागे प्रत्येक व्यक्तीच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात आणि मातृरेषा त्यांतील एकच जागा दाखविते. उरलेल्या १,०२३ जागांविषयी ती मूक आहे. शिवाय, नवगावास उतरलेल्या प्रत्येक मातेची रेषा टिकण्याची संभाव्यता सातांत एक इतकीच असेल, तर पुढील शतकांत समाजात आलेल्या स्थानिक स्त्रियांच्या रेषा आज अधिक दिसाव्यात यात मूळ सात जणींच्या अस्तित्वाविरुद्ध काही नाही. बाजूनेही काही नाही. समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असा जो भेद एके काळी पाळला जाई आणि ज्याचे मूळ बाहेरच्या विवाहसंबंधांत सांगितले जाई, त्यालाही या वृक्षांत आधार शोधू नये, कारण मिश्र वारसा सबंध समाजात पसरलेला आहे.

मातृरेषेचा वृक्ष एकच आहे. त्यास दुसरा साक्षीदार मिळावयाचा नाही. इतर गुणसूत्रांचे तसे नाही. तेथे प्रत्येक पिढीत आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, म्हणून गुणसूत्राच्या दूरदूरच्या खंडांचे वृक्ष एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र असतात. एका वृक्षाच्या उंचीचे प्रमाण विचलन सुमारे १.०८ एकक, शंभर स्वतंत्र वृक्षांच्या सरासरीचे ०.११. या अदलाबदलीच्या मोजमापात महाराष्ट्राचा एक जुना वाटा आहे. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली, पुनर्संयोगाच्या आढळलेल्या प्रमाणावरून गुणसूत्रावरील अंतर कसे काढावे याचे सूत्र प्रसिद्ध केले. नाणी, पोथ्या व समाजेतिहास यांच्या अभ्यासकांस कोसंबी परिचित आहेत, परंतु आनुवंशिकीच्या पुस्तकांत त्यांचे नाव आहे ते या सूत्रामुळे, आणि जनुकीय नकाशांच्या कामात ते सूत्र आजही वापरले जाते.

२०१६ च्या अभ्यासात मिश्रणाचा काळ १९ ते ३३ पिढ्या, म्हणजे सुमारे ६५० ते १,०५० वर्षे, असा काढला आहे. तो शाखांच्या लांबीवरून काढलेला नाही. बाहेरून आलेला गुणसूत्राचा अखंड तुकडा पिढीगणिक तुटत जातो, आणि उरलेल्या तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्यांची गणती केली जाते. हा आकडा पाहून नवगावचे गलबत हजार वर्षांपूर्वी फुटले असे म्हणणे योग्य नव्हे. मिश्रणाचा काळ आणि आगमनाचा काळ या दोन गोष्टी आहेत. आलेले लोक काही शतके आपसांतच विवाह करीत राहिले असतील, अथवा विवाहसंबंध एकदाच न होता पुष्कळ काळ चालू राहिले असतील. दुसऱ्या प्रकारात ही पद्धत जे एकच वर्ष दाखविते ते अलीकडच्या बाजूस झुकलेले असते. केहिमकरांनी मानलेले इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक त्यामुळे सिद्ध होत नाही, तसे खोडलेही जात नाही.

आज या समाजाचा नमुना घ्यावयाचा तर तो अलिबागेपेक्षा इस्राएलातील लोद, दिमोना किंवा अश्दोद येथे अधिक सहज मिळेल. कोकणातील गावांत आता थोडी घरे उरली आहेत. गणिताच्या दृष्टीने त्याने बाधा येत नाही. जुईनगरच्या स्थानकावरील दहा रेषा जशा एका पिढीत खाडी ओलांडून निघून जातात, तशाच लोदमधील दहा रेषा दोन-तीन पिढ्यांत समुद्र ओलांडून पेण-रोह्याकडे परत येतात आणि तेथून पुढे पन्नास-साठ पिढ्या कुलाब्याच्या किनाऱ्यावरच एकमेकींना भेटत राहतात. जुईनगरच्या रेषांना आपसांत भेटण्यासाठी मात्र बहुतेक वेळा त्याच्या तीसपट मागे जावे लागते.